हैदराबाद ते मस्कत, सव्वातीन तास

माझी थोरली बहीण मुखेडला राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या ओट्यावर बसून मी विमानाचं तिकीट वाचून दाखवलं तेव्हा गल्लीतली पाच-सहा माणसं जमली होती, आणि माणसं जमली की माझा आवाज आपोआप चढतो, हात हवेत जातात. लातूरच्या ज्या कॉलेजात मी कारकुनी करतो तिथं मला साधी सूचनासुद्धा वाचायला देत नाहीत. म्हणतात, तुम्ही सुट्टी जाहीर केली तरी कुणीतरी वारल्यासारखं वाटतं.

"हैदराबाद! सुटणार पाच वाजून दहा मिनिटांनी. मस्कत! पोचणार सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी."

अक्कानं बोटांची पेरं मोजली. "पावणेदोन घंटे? आरं, लातूरला जायला यष्टीला तीन घंटे लागतेत. मस्कत लातूरपेक्षा जवळ हाय का?"

"हाय की," मी म्हणालो. खोटं बोलायची आयती संधी मी सहसा सोडत नाही. "मारुतीच्या देवळावर चढलं की उंट दिसतेत."

गल्ली हसली. मग मी खरं सांगितलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, त्यामुळे विमान प्रत्यक्षात सव्वातीन तास उडतं. अंतर साधारण बावीसशे किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं खाली समुद्र. समुद्र म्हटल्यावर अक्का ओट्यावर मागं सरकली. आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाणी तिनं नांदेडजवळच्या धरणात पाहिलेलं, तेही पदर दाताखाली धरून.

जायचं कारण असं होतं. अक्काची एकुलती लेक मस्कतला असते. सासर लातूरजवळच्या मुरुडचं, पण सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिकडून कुणी जाणं शक्य नव्हतं. जावई दूर वाळवंटात तेलविहिरींवर काम करतो, चौदा दिवस तिकडं आणि चौदा दिवस घरी. तीन वर्षांपूर्वी भाची पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हा अक्का गेली नव्हती, कारण तिच्याकडे पासपोर्टच नव्हता. मूल जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. भाचीनं आईला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त दोन महिने फोन उचलला नाही. या खेपेला तिचा रक्तदाब सारखा वर जात होता. डॉक्टरांनी रविवारी सकाळी ऑपरेशन करून मूल काढायचं ठरवलं होतं, आणि तिनं आईला एवढंच सांगितलं होतं, "तू आल्याबिगर मी आत जाणार न्हाई."

म्हणून शनिवारचं विमान. आणि शनिवारी अमावास्या.

"आवसंला मी उंबरा वलांडून परदेशी जात न्हाई," अक्का म्हणाली. "लेकीच्या कामाला तर मुळीच न्हाई."

यावर आपल्याकडं तोड आहे. प्रवासाचा दिवस वाईट असला तर त्याच्या आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आपली एखादी वस्तू गाठोड्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. देवाच्या हिशेबी माणूस त्याच दिवशी निघालं. मग खऱ्या दिवशी ते गाठोडं उचलून मागं न बघता चालू लागायचं. समोरच्या घरी एक रिटायर पोस्टमास्तर एकटेच राहत. त्यांचं देवघर गल्लीत सगळ्यात सोवळं. गुरुवारी त्यांच्याकडं प्रस्थान ठेवायचं ठरलं.

"गाठोड्यात काय बांधायचं?" अक्कानं विचारलं.

"तांदूळ, सुपारी, हळकुंड," मी म्हणालो, "आणि..." इथं मी बोट वर करून थांबलो. कुठं थांबावं हे मला बरोबर कळतं. "आणि अशी एक वस्तू, जिच्याबिगर प्रवास होऊच शकत नाही. तरच ते खरं प्रस्थान!"

हे कुठल्या शास्त्रात आहे? कुठल्याच नाही. वाक्य तोंडात छान बसलं म्हणून बोललो. पण मास्तरांनी गंभीरपणे मान हलवली, गल्लीनं मान हलवली, आणि अक्कानं ते मनात धरलं. गुरुवारी माझ्यादेखत तिनं मास्तरांच्या देवघरातल्या कोनाड्यात पिवळ्या फडक्याचं गाठोडं ठेवलं, नमस्कार केला. मी समाधानानं लातूरला परतलो.

शनिवारी सकाळी आठ वाजता भाड्याची गाडी दारात उभी होती. लातूरहून मी आणि ड्रायव्हर आदल्या संध्याकाळीच येऊन राहिलो होतो. डिकीत डिंकाचे लाडू, अळीव, काळा मसाला, बाळाला झबली. खसखशीची पुडी मी काढून घेतली होती, तिकडं खसखस चालत नाही म्हणून. मुखेडहून हैदराबादचं विमानतळ पाच तासांवर. एक वाजता पोचू, विमान पाच दहाला. इतका सैल वेळ की वाटेत देगलूरला चहा घ्यायचाही बेत होता.

अक्का दारात उभी राहिली. निळी साडी, केसाला तेल, डोळे रात्रभर जागलेले.

"तिकीट, व्हिसाचा कागद माझ्याकडं," मी म्हणालो. "पासपोर्ट घेतलास?"

"परस्थानात हाय की."

मी तिच्याकडं बघत राहिलो.

"आसं काय बघतूस? तूच म्हणलास, जिच्याबिगर प्रवास होत न्हाई ती वस्तू. चपलंबिगर जाता येतं, चष्म्याबिगर जाता येतं. मागल्या खेपंला कशाच्या पायी ऱ्हायले मी? पासपोर्टाच्याच ना?"

तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. हीच गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर मी हसून लोळलो असतो. गल्ली वीस पावलांची. मी ओलांडली, आणि मास्तरांच्या दाराला कुलूप दिसलं.

आधी वाटलं, फिरायला गेले असतील. मग वाटलं, भाजीला. फोन लावला तर बंद. नऊ वाजले. मास्तर गेल्या दहा वर्षांत कुणाला न सांगता गल्लीबाहेर गेले नव्हते, हे मला चार जणांनी चार वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी ते वाक्य जास्त वाईट वाटत गेलं. एक म्हातारी तर उघडच म्हणाली, "कुलूप भायेरून हाय म्हनून बरं. आतून आसतं तर?"

साडेनऊला मी दगड उचलला. अक्कानं माझा हात धरला.

"ठेव खाली. ज्या घरी परस्थान ठिवलं त्याचंच कुलूप फोडून निघायचं? पोचंल का मी?"

मग मी मागल्या बोळात गेलो. तिथून एका खिडकीच्या फटीतून देवघर दिसायचं. समई विझलेली होती. मास्तर समई विझू देत नसत. कोनाड्याकडं पाहिलं. तिथं तांदळाचे चार-पाच दाणे पडले होते. गाठोडं नव्हतं.

हे मी अक्काला सांगितलं नाही. बाहेर येऊन म्हणालो, "दिसत नाही नीट, अंधार आहे." ती गाडीत बसून होती. एकदा उंबरा ओलांडला होता, आता परत घरात शिरायचं नाही, हा नियम. ऊन चढत होतं. गाडी तापत होती. ती पाणी मागेना. फक्त दर पाच मिनिटांनी ड्रायव्हरला विचारायची, "किती वाजले?" तो सांगायचा. माझ्याकडं तिनं वेळ विचारली नाही.

दहा पस्तीसला माझा फोन वाजला. मास्तर. मागं बायांचा रडण्याचा आवाज.

"पोचलात का हैदराबादला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठं आहात तुम्ही? प्रस्थान कुठं आहे?"

"हदगावला. धाकटा भाऊ गेला माझा. पहाटं फोन आला. मोबाइलची बॅटरी सपली होती, आत्ता लावली. सुतकाच्या घरात परस्थान ठिवत न्हाईत हो. आन मला सुतक लागलं, मला हात लावता येईना. दूधवाल्याच्या हातानं वेशीवरच्या मारुतीला पाठिवलं. म्हणलं, तुमी नारळ फोडाया थांबालच ना तिथं? वाटंवरच हाय."

"अहो, पण सांगायचं तरी!"

"निघालेल्या माणसाला मरण सांगू न्हाई," ते म्हणाले. "बाई लेकीकडं चालली. तिच्या कानावर मी आसली बातमी कशी घालू? दूधवाल्याला बी बजावलं, बोलू नको म्हनून."

तो दूधवाला त्याच सकाळी अक्काच्या ओट्यावर चहा पिऊन गेला होता. त्यानं शब्द पाळला होता. सगळ्यांनी आपापला शब्द, आपापला नियम काटेकोर पाळला होता, आणि त्यात पावणेतीन तास गेले होते.

मारुतीच्या पायाशी गाठोडं होतं. शेळीनं एक टोक फाडून तांदूळ खाल्ले होते. पासपोर्टाला शेळीनं तोंड लावलं नव्हतं, पण कडेला शेंदूर लागला होता, तेलकट, लाल. अक्कानं तो कपाळाला लावला. म्हणाली, "देवाचा हात लागला." मला तो लाल रंग अजिबात आवडला नाही. मी रुमालानं पुसायला गेलो तर तो जास्तच पसरला.

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्यानं देगलूर ओलांडल्यावर एकदाच विचारलं, "सर, किती वाजेपर्यंत आत घेतेत?" मी म्हणालो, "चार दहा." त्यानंतर तो बोलला नाही आणि मीही बोललो नाही, हे माझ्या बाबतीत ऐतिहासिकच. अक्का ओठांत काहीतरी पुटपुटत होती. चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. दारावरच्या जवानानं पासपोर्ट उघडला, बोटाला लागलेला शेंदूर पाहिला, आमच्या तिघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि अक्काला आत सोडलं. एका मुलीनं ढकलखुर्ची आणली, तिच्यात बसवून तिला पळवत नेलं. काचेपलीकडं निळी साडी लहान होत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तो नियम होता.

विमान वेळेवर उडालं. फोनवर ते बघता येतं, हे मला ड्रायव्हरनंच दाखवलं. नकाशावर एक छोटं पिवळं विमान, खाली अंतर, उरलेला वेळ. आम्ही परतीला लागलो. सात वाजता संगारेड्डीच्या अलीकडं एका धाब्यावर थांबलो होतो. भजी सांगितली होती. जीव भांड्यात पडलेला. मी ड्रायव्हरला शेळीची गोष्ट हातवारे करून सांगत होतो. तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"मामा, आई कुठंय?"

"विमानात. मीच बसवली. काय झालं?"

"दुपारपून डोकं ठणकून राहिलंय. डोळ्यापुढं काजवे चमकून राहिलेत. प्रेशर लई वाढलंय म्हणतेत. आत्ताच घ्यावं लागंल म्हणतेत. सही मागून राहिलेत."

"जावईबापू कुठंयत?"

"निघालेत साइटवरून. सहा घंट्यांचा रस्ता हाय."

"मग तू कर की सही, माय."

"आई आल्याबिगर न्हाई."

फोन कुणीतरी काढून घेतला. एक नर्स होती, मल्याळी वळणाचं हिंदी. "अंकल, आप बोलो इसको. टाइम नहीं है. माँ-बच्चा दोनों का प्रॉब्लम है." मग परत भाची. आवाज लांबून आल्यासारखा, पण हट्ट तोच, तीन वर्षं साठवलेला.

"हितं साडेपाच झालेत. आई सातला उतरती. दीड घंटा काय, मी थांबते."

मागून नर्स म्हणाली, "डेढ़ घंटा नहीं है."

मी उभा राहिलो. माझा आवाज चढला. माझा हात हवेत गेला. पन्नास वर्षं गावभर जी कला उधळली ती त्या क्षणी आपणहून पुढं झाली.

"अगं, तेच तर सांगायला फोन करणार होतो! उतरली आई!"

"आँ?"

"वारा पाठीशी होता ना. मोठ्या विमानाचं असंच असतं, वारा लागला की तासभर आधी. आत्ता पासपोर्टच्या रांगेत आहे."

"मग तिचा फोन का लागंना?"

"रांगेत लावू देत नाहीत. तिथल्या एका साहेबाच्या फोनवरून बोलली माझ्याशी. निळी साडी नेसलीय बघ. रांगेत पुढून चौथी. पुढं एक पगडीवाला आहे, तो शिक्क्याला उशीर लावून राहिलाय म्हणाली. पण अर्ध्या तासात तुझ्या दाराशी!"

पगडीवाला माझा मलाच इतका आवडला की मी त्याला मनात बघत होतो.

तिचा श्वास ऐकू येत होता. मग लहानपणी विचारायची तसं तिनं विचारलं, "शप्पथ?"

"शप्पथ."

"आईची?"

ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. भज्यांची प्लेट येऊन पडली होती. टेबलावर त्याच्या फोनमध्ये ते पिवळं विमान निळ्या पाण्यावर होतं, किनारा मागं पडलेला, पुढचा अजून लांब.

"आईची शप्पथ," मी म्हणालो.

"करते सही," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी शिकलेला माणूस आहे. अमावास्येची, मांजराची, शिंकेची मी आयुष्यभर टिंगल केली. पण खोटी शपथ ज्याची घेतली त्याला लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते जन्मतः अंगात असावं, कारण खुर्चीत बसण्याआधी मी नकळत पायातल्या चपला काढल्या होत्या. ज्या माणसाची शपथ घेतली ते माणूस त्या वेळी समुद्रावर होतं. लोखंडाच्या नळीत, कुठल्याही खांबाशिवाय, निळ्या साडीत.

"सर, खावा," ड्रायव्हर म्हणाला.

मी त्याचा फोन ओढून घेतला. उरलेलं अंतर नऊशे ऐंशी. नऊशे पासष्ट. मी डोळे मिटून विमानाचं वजन स्वतःवर घेतल्यासारखा बसलो. पुन्हा पाहिलं तर आकडा तोच होता. विमान तिथंच होतं.

"हे थांबलं," मी म्हणालो.

"समुद्रावर रेंज नसती, सर."

"थांबलंय हे."

"होतंय आसं. जराशानं पुढं सरकंल."

पहिल्यांदा मला कळलं की माझ्या गोष्टी ऐकणाऱ्या माणसांना मी धीर देतो आणि खरं काढून घेतो. ते चित्र किती वेळ स्थिर होतं ते मला माहीत नाही. ड्रायव्हर म्हणतो, दहा-बारा मिनिटं. मी मनात पगडीवाल्याला हाका मारत होतो, की बाबा, तू तरी खरा हो. धाब्यावाल्यानं टीव्हीचा आवाज वाढवला, बातम्यांचं संगीत वाजलं, आणि मी उठून त्याला टीव्ही बंद करायला लावला. मला कुठलीच बातमी ऐकायची नव्हती.

मग विमान एकदम उडी मारून दीडशे किलोमीटर पुढं दिसलं.

आठ पंचवीसला ते उतरलं. नऊच्या आत अक्काचा फोन. "पोचले रे. काय कळलं बी न्हाई, पेपर वाचूस्तोवर आलं." मागं तिला न्यायला आलेली भाचीची शेजारीण घाई करत होती. मी फक्त म्हणालो, "जा लवकर." सांगायचं धैर्य झालं नाही. तिला दवाखान्याच्या दारातच कळलं. मुलगी झाली होती. भाची दोन रात्री अतिदक्षता विभागात होती, तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन नीट बोलली. डॉक्टर जावयाला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणाचं काही सांगता आलं नसतं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. मी ती तशी संपवून लातूरला तीन-चार जणांना सांगितलीही. टाळ्या मिळाल्या.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. बाळ पंचवीस दिवसांचं झालंय, आजीसारखं कपाळ आहे. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मामा, आईच्या पासपोर्टावर शिक्का बसला तवा सव्वासात झाले होते. ती सांगून राहिली होती. मी सही केली साडेपाचला."

"हं."

"मग रांगंत चौथी कोण होती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आत गेले ती आई दारात हाय म्हणून गेले, मामा. भूल देताना बी मी दाराकडंच बघून राहिले होते. आता उघडंल, आता उघडंल."

"तुझा जीव महत्त्वाचा होता, माय."

"ते खरंय. म्हणून तर आईला काय सांगितलं न्हाई."

मी मग ते विचारलं जे त्या संध्याकाळपासून विचारायचं राहिलं होतं. लहानपणी ही पोरं खेळताना शप्पथ घालायची, आणि ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटायची नाही. दुसऱ्या कुणाला सोडवता येत नाही.

"शप्पथ सुटली म्हण ना."

ती हसली नाही. पलीकडं मोरीत पाणी पडत होतं, अक्का बाळाला न्हाऊ घालताना काहीतरी गुणगुणत होती. बाळ रडायला लागलं.

"बघते सवडीनं," भाची म्हणाली. "बाळ रडून राहिलंय."

अजून म्हणाली नाही. दोनदा मी आपणहून फोन केला, दोन्ही वेळा जावयानं उचलला. अक्काचं परतीचं विमान मंगळवारी आहे.